मसीह-उल-मुल्क हकीम अजमल खान आणि थरथरत्या हाताचं कोडं

हकीम अजमल खान यांचं नाव आपल्या लोकांना साधारण दोन कारणांनी माहीत असतं. एक म्हणजे ते काँग्रेसचे अध्यक्ष होते, आणि दुसरं म्हणजे जामिया मिल्लिया इस्लामियाचे ते पहिले अमीर-ए-जामिया, म्हणजे कुलपती. उर्दूतून शिकलेल्यांना मसीह-उल-मुल्क हा किताबही आठवतो. पण माणसाचा हात मेंदूच्या हुकमाने कसा हलतो आणि म्हातारपणी काहींचा हात आपोआप का थरथरायला लागतो, हे जगाला ज्या वाटेने कळलं, त्या वाटेवर हकीमसाहेबांचंही एक पाऊल आहे. ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. सांगितली तर व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि तीही फुगवून. म्हणून आज जरा सावकाश, तारखांसकट.

अजमल खान यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८६८ रोजी दिल्लीत झाला. (सरकार आता हाच दिवस युनानी दिवस म्हणून पाळतं.) खानदान हकिमांचं. पूर्वज बाबरच्या काळात मध्य आशियातून आले, असं घराण्यात मानलं जातं. त्यांच्यातले हकीम शरीफ खान हे बादशाह शाह आलम यांच्या काळातले नामवंत तबीब. त्यांच्याच नावाने बल्लीमारानमधली हवेली शरीफ मंज़िल म्हणून ओळखली जाते. १८५७ मध्ये इंग्रजांनी दिल्ली परत घेतली आणि शहरात लूटमार व कत्तल सुरू झाली, तेव्हा हा एक कोपरा बराचसा वाचला. कारण हे हकीम घराणं पतियाळाच्या महाराजांच्या नोकरीत होतं आणि महाराजांनी आपले शिपाई गल्लीच्या तोंडाशी उभे केले होते. शेजारीच राहणारे मिर्झा ग़ालिब त्याच पहाऱ्यामुळे सुखरूप राहिले. अजमल खान यांच्या वालिदांनी, हकीम महमूद खान यांनी, हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. ज्या घरात दिल्ली उजाडल्याच्या गोष्टी रोज होत असतील, तिथे वाढलेला मुलगा पुढे नुसत्या नाडीवर समाधान मानणारा निघाला नाही, यात मला नवल वाटत नाही.

लहानपणी कुरआन हिफ़्ज़, मग अरबी-फारसी, मग तिब. तालीम घरातच, वडील आणि थोरल्या भावांच्या हाताखाली. १८९२ मध्ये रामपूरच्या नवाबांनी त्यांना दरबारी हकीम म्हणून बोलावलं आणि पुढची दहा वर्षं त्यांनी तिथेच काढली.

त्या काळी हकिमांच्या अभ्यासात इब्न सीना यांचं अल-क़ानून हे मुख्य पुस्तक होतं. त्याच्या तिसऱ्या भागात डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवाचे आजार सांगितले आहेत आणि त्यात मज्जातंतूंच्या आजारांचा वेगळा विभाग आहे. फालिज म्हणजे अर्ध्या अंगाचा पक्षाघात, लकवा म्हणजे तोंड वाकडं होणं, तशन्नुज म्हणजे आकडी, आणि रअशा म्हणजे कंप. आपल्या घरांत आजही म्हातारी माणसं हेच शब्द वापरतात. हालचालीचा हुकूम मेंदूतून निघतो आणि मज्जातंतूंवाटे स्नायूंपर्यंत जातो, हे जालीनूसपासून या परंपरेला माहीत होतं. मात्र तंतू का बिघडतात याचं उत्तर मिजाज आणि खिल्त यांच्या भाषेत होतं, म्हणजे थंडी वाढली, ओलावा वाढला. त्या उत्तराने औषध निवडता यायचं, पण मेंदूच्या आत नेमकं काय बिघडलं ते दिसत नव्हतं. ते तेव्हा युरोपातल्या डॉक्टरांनाही दिसत नव्हतं. लंडनचे जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या कंपाच्या आजाराचं बारकाईने वर्णन केलं खरं, पण कारण त्यांनाही सापडलं नव्हतं.

थोरले भाऊ हकीम अब्दुल मजीद खान यांनी दिल्लीत मदरसा तिब्बिया सुरू केला होता. ते वारले, मग मधले भाऊ वासिल खानही गेले आणि सगळा भार अजमल खान यांच्यावर आला. इथून त्यांचं खरं काम सुरू होतं. हिंदुस्तानी दवाखाना नावाचा औषधांचा कारखाना त्यांनी चालवला आणि त्याची कमाई मदरशाला लावली. १९०९ मध्ये दायांच्या प्रशिक्षणासाठी बायकांचा वेगळा मदरसा काढला. दिल्लीतल्या गरिबाकडून ते पैसे घेत नसत आणि राजे-नवाबांनी बाहेरगावी बोलावलं तर फी भरभक्कम लावत. मला हा हिशेब आवडतो.

त्या काळी मुंबई इलाख्यात एक कायदा झाला, १९१२ चा बॉम्बे मेडिकल अ‍ॅक्ट. नोंदणी फक्त इंग्रजी पद्धतीच्या डॉक्टरांची, हकीम आणि वैद्य नोंदवहीच्या बाहेर. असे कायदे इतर प्रांतांतही येणार हे उघड दिसत होतं. या वाऱ्याची चाहूल लागूनच हकीमसाहेबांनी १९१० मध्ये वैद्य आणि हकीम यांची मिळून एक अखिल भारतीय परिषद उभी केली. हिंदू वैद्य आणि मुसलमान हकीम एका मांडवात बसले, एकमेकांच्या औषधांना नावं ठेवणं थांबलं. आजच्या दिवसांत हे वाचताना थोडं थांबावंसं वाटतं, पण ते असो.

सरकारशी भांडताना आपल्याच लोकांशीही त्यांना भांडावं लागलं. युनानीच्या अभ्यासात आधुनिक शरीररचना आणि शस्त्रक्रिया आली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. काही जुन्या हकिमांना वाटलं, हा माणूस घरचं दार परक्यांना उघडून देतोय. १९११ मध्ये ते युरोपला गेले, तिथली रुग्णालयं आणि वैद्यकीय शाळा पाहिल्या, लंडनमध्ये तरुण डॉक्टर मुख्तार अहमद अन्सारी यांच्याशी गाठ पडली, आणि ती मैत्री शेवटपर्यंत टिकली. परत आल्यावर मदरशाचं कॉलेज करायचं मनावर घेतलं. २९ मार्च १९१६ रोजी करोलबागेत व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांच्या हातून पायाभरणी झाली. १३ फेब्रुवारी १९२१ रोजी त्याच आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया कॉलेजचं उद्घाटन गांधीजींनी केलं. पाया व्हाइसरॉयचा आणि उद्घाटन महात्म्याचं. मधल्या पाच वर्षांत देश किती बदलला ते एवढ्यावरून कळतं.

बदल त्यांच्यातही झाला होता. १९०८ मध्ये सरकारने दिलेला हाज़िक-उल-मुल्क हा किताब त्यांनी १९२० मध्ये परत केला. लोकांनी त्याच्या बदल्यात मसीह-उल-मुल्क म्हटलं आणि ते कायम राहिलं. खिलाफत, असहकार, १९२१ चं अहमदाबाद काँग्रेसचं अध्यक्षपद (निवडलेले अध्यक्ष चित्तरंजन दास तुरुंगात होते म्हणून ते यांच्याकडे आलं), हे सगळं पुस्तकांत आहे, मी इथे लांबवत नाही. जामियाबद्दल एवढंच, की १९२० मध्ये अलीगढला तंबूत सुरू झालेली ही संस्था पैशाअभावी बंद पडायच्या बेतात आली, तेव्हा १९२५ मध्ये त्यांनी ती दिल्लीला करोलबागेत आणली आणि बराचसा खर्च स्वतःच्या कमाईतून सोसला.

आता मुळीकडे येऊ.

हकीमसाहेबांना एक खंत होती. आपल्या औषधांनी रोगी बरा होतो, असं हकीम सांगतो, पण औषधात नेमकं काय आहे ते त्याला दाखवता येत नाही. मग कायदे करणाऱ्याने त्याच्यावर विश्वास का ठेवावा? त्यासाठी तिब्बिया कॉलेजात रसायनशाळा हवी होती आणि तिथे बसणारा पक्का रसायनशास्त्रज्ञ हवा होता. त्यांची नजर सलीमुज़्ज़माँ सिद्दीकी या तरुणावर गेली. बाराबंकी जिल्ह्यात १८९७ मध्ये जन्मलेला, अलीगढला फलसफा शिकलेला, चित्रंही काढणारा हा मुलगा लंडनला डॉक्टरी शिकायला गेला आणि वर्षभरात जर्मनीत फ्रँकफर्टला जाऊन रसायनशास्त्राकडे वळला. तिथे पैशांची ओढाताण झाली तेव्हा हकीमसाहेबांनी त्याला मदत पाठवली. १९२७ मध्ये सिद्दीकींची डॉक्टरेट झाली आणि ते दिल्लीला येऊन संशोधन विभाग उभा करण्याच्या तयारीला लागले.

पण २९ डिसेंबर १९२७ रोजी रामपूरला हकीमसाहेबांचं हृदयविकाराने निधन झालं. वय साठीच्या आतलं. दफन दिल्लीत झालं. ज्या प्रयोगशाळेसाठी त्यांनी इतकी वर्षं धडपड केली, तिचा पहिला निकाल त्यांच्या नशिबात नव्हता.

सिद्दीकींनी अभ्यासाला घेतलेल्या वनस्पतींत एक होती अस्रोल, म्हणजेच आपली सर्पगंधा. बिहारकडे ती वेड्यांची दवा म्हणूनच विकली जायची. डोकं फिरलेल्या, झोप उडालेल्या माणसाला शांत करायला तिची मुळी देत. १९३१ मध्ये सिद्दीकींनी या मुळीतून अनेक अल्कलॉइड वेगळे काढले आणि त्यातल्या एकाचं नाव ठेवलं अजमलीन. मरहूम उस्तादांच्या नावाने. त्याच सुमारास कलकत्त्याला गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोघांनी मुळीने रक्तदाब उतरतो असं लिहिलं.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा आपल्या मुंबईतला आहे. परळच्या के.ई.एम. रुग्णालयातले पारशी डॉक्टर रुस्तम जाल वकील (१९११–१९७४) यांनी उच्च रक्तदाबाच्या रोग्यांना सर्पगंधा देऊन, आकडे ठेवून, १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लेख लिहिला. त्या लेखानंतर पश्चिमेचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पीन हे द्रव्य वेगळं केलं आणि जगभर त्याच्या गोळ्या निघाल्या. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

इथे एक गोष्ट साफ सांगितली पाहिजे. रेसर्पीन सिद्दीकींनी शोधलं नाही. त्यांनी शोधलेलं अजमलीन वेगळं, रेसर्पीन वेगळं, मुळी मात्र तीच. जे फॉरवर्ड येतात त्यात हे दोन्ही एक करून टाकलेलं असतं. आपल्या माणसांचं काम मुळातच मोठं आहे, त्याला ठिगळ लावायची गरज नाही.

आता गंमत अशी झाली, की रेसर्पीन जास्त प्रमाणात घेणारे काही रोगी कापायला लागले. अंग ताठ, चेहरा दगडासारखा, पाऊल उचलेना. हुबेहूब पार्किन्सनच्या रोग्यासारखे. औषध थांबवलं की बरे व्हायचे. स्वीडनच्या लुंड शहरात अर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रेसर्पीन दिलं. ससे कान पाडून निपचित पडले, हलेनात. मग त्यांना एल-डोपा नावाचं द्रव्य टोचलं, आणि थोड्याच वेळात ससे उठून पुन्हा हिंडू लागले. पुढे कळलं, की मेंदूत डोपामीन नावाचं रसायन असतं, रेसर्पीन त्याचा साठा रिकामा करतं, आणि एल-डोपापासून मेंदू ते पुन्हा बनवतो. १९६० मध्ये व्हिएन्नाला ओलेह होर्निकीविच यांनी पार्किन्सनने वारलेल्या रोग्यांचे मेंदू तपासले, तर हालचालीशी संबंधित भागात हेच डोपामीन जवळपास संपलेलं निघालं. रअशाच्या एका मोठ्या प्रकाराचं कारण इतक्या शतकांनी हाताला लागलं. १९६७ पासून एल-डोपाच्या गोळ्यांचा नीट उपचार सुरू झाला आणि कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल मिळालं.

मेंदू हालचाल कशी करतो हे मी वर्गात सांगतो तसंच इथे सांगतो. पेन उचलायचं ठरवलं की हुकूम निघतो मोठ्या मेंदूच्या, म्हणजे प्रमस्तिष्काच्या, वरच्या थरातून. तो खाली येताना मस्तिष्कपुच्छापाशी बाजू बदलतो, म्हणून डाव्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली की उजवं अंग जातं. फालिज तो हाच. मागच्या बाजूचा छोटा मेंदू तोल आणि माप सांभाळतो. तो बिघडला तर माणूस न पिता पिलेल्यासारखा चालतो आणि लोक उगाच भलता संशय घेतात. या दोघांशिवाय मेंदूच्या आत खोल काही गाठी असतात, बेसल गँग्लिया. त्यांचं काम बैलगाडीवाल्याच्या कासऱ्यासारखं. बैल दमदार आहे, रस्ता चांगला आहे, पण कासरा ताणून धरला तर गाडी जागची हलत नाही. फारच ढिला सोडला तर बैल भलतीकडे उधळतो. कासरा नेमका किती सोडायचा, हे डोपामीन ठरवतं. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या काळसर पेशींत तयार होतं. त्यातल्या निम्म्याच्या आसपास मेल्यावरच पार्किन्सनची लक्षणं उघड दिसू लागतात, म्हणजे आजार दिसायच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो. कोरिया नावाच्या आजारात उलट, कासरा सुटलेला, हातपाय नाचल्यासारखे हलत राहतात. (बैलगाडीच्या उदाहरणाने ताठरपणा आणि मंदपणा समजतो, कंप नीट समजत नाही. मुलं हे विचारतातच, आणि विचारलंच पाहिजे.)

पार्किन्सनचा कंप ओळखायची एक खूण आपल्या घरात चटकन लक्षात येते. हात मांडीवर निवांत पडलेला असताना अंगठा आणि बोट असे फिरतात, जणू हातात तसबीह आहे. काम करायला हात उचलला की कंप कमी होतो. याच्या उलट, कप उचलला की चहा बशीत सांडतो पण हात खाली ठेवला की शांत, तो कंप बहुतेक वेळा वेगळा असतो, बऱ्याचदा खानदानी, आणि त्याचं औषधही वेगळं. याशिवाय चालताना एक हात हलायचा बंद होणं, अक्षर बारीक होत जाणं, आवाज खाली जाणं, वास न येणं, ही सगळी पार्किन्सनची आधीची लक्षणं. आमच्या मेडशीसारख्या गावात बुजुर्ग माणसाला सजद्यातून उठायला वेळ लागायला लागला की घरचे म्हणतात कमजोरी आली. चेहऱ्यावर हसू दिसेना की म्हणतात रुसले आहेत. मग नजर लागली, आसेब आहे, असं करत वर्ष जातं, आणि अकोल्याच्या मोठ्या डॉक्टरापर्यंत पोचता पोचता माणूस मशिदीत यायचाच बंद झालेला असतो. दुआ जरूर करावी, पण तपासणी त्याच आठवड्यात.

आणखी एक. रेसर्पीनने जे झालं, तसं आजही काही औषधांनी होतं. उलटी, चक्कर आणि मानसिक आजारांवरची काही औषधं मेंदूतल्या डोपामीनच्या कामात अडथळा आणतात आणि म्हातारा माणूस महिन्या-दोन महिन्यांत कापू लागतो. अशा वेळी नवीन गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरला दाखवावी. औषध आपल्या मनाने मात्र थांबवू नये.

एल-डोपाचा एक धागा तर आपल्या कुंपणावर लोंबतो. खाजकुयरी. शाळेतली पोरं जिच्या शेंगांनी एकमेकांना खाजवून हैराण करतात, तीच. तिचं बी युनानीत कौंच आणि आयुर्वेदात कवचबीज म्हणून वापरतात, आणि वैद्य ते कंपवातातही देत आले. १९३७ मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी या बियांतून एल-डोपा वेगळं काढलं, म्हणजे कार्लसनच्या सशांच्या वीस वर्षं आधी. औषध हातात होतं, कोणत्या कुलपाची ती किल्ली आहे ते तेव्हा ठाऊक नव्हतं. पण म्हणून कुणी बी कुटून खाऊ नये. बियांत द्रव्याचं प्रमाण कमीजास्त असतं, आणि गोळी चालू असताना वरून बी घेतलं तर अंग वेडंवाकडं हलू लागतं किंवा रक्तदाब खाली येतो.

मुंबईचा या गोष्टीशी अजून एक संबंध आहे. डॉक्टर वकील ज्या पारशी समाजातले, त्या समाजाची मुंबईतल्या वसाहतींत घरोघर जाऊन पाहणी झाली. १९८८ मध्ये तिचे आकडे छापून आले, तेव्हा पार्किन्सनचं प्रमाण एक लाखामागे ३२८ निघालं. जगातल्या तोवरच्या मोठ्या आकड्यांत हा गणला गेला. पारशांत वृद्ध जास्त, हे त्याचं एक कारण. पण मला यात दिसतं ते असं, की त्या समाजाने आपले रोगी मोजू दिले, लपवले नाहीत. आपल्या मोहल्ल्यांत अशी मोजणी झाली तर काय निघेल, हा प्रश्न पुण्याच्या, मालेगावच्या, मुंबईच्या युनानी कॉलेजांत शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हातात घ्यावा असा आहे. हकीमसाहेबांना त्यांच्याकडून असंच काही अपेक्षित होतं, असं त्यांच्या कामावरून वाटतं.

सिद्दीकी १९४० पर्यंत तिब्बिया कॉलेजात राहिले, फाळणीनंतर काही वर्षांनी पाकिस्तानात गेले आणि १९९४ मध्ये कराचीत वारले. रक्तदाबासाठी आता त्याहून बऱ्या गोळ्या आल्यामुळे रेसर्पीन मागे पडलं. जंगलातून इतकी मुळी उपटली गेली, की सर्पगंधेचा परदेशी व्यापार आता आंतरराष्ट्रीय कराराने बांधलेला आहे. अजमलीन मात्र वापरात आहे, आणि ते मेंदूसाठी नाही, हृदयासाठी. ब्रुगाडा नावाचा एक दोष असतो, त्यात धडधाकट दिसणाऱ्या माणसाचं हृदय एकाएकी बंद पडू शकतं आणि साध्या ईसीजीत तो दोष कधी कधी लपून राहतो. अशा संशयित रोग्याला युरोपातल्या रुग्णालयांत ईसीजी चालू ठेवून शिरेतून अजमलीन देतात, आणि लपलेला दोष कागदावर उमटतो.